विहिरीतलं मीठ सातबाऱ्यावरून येतं

संपादकीय, मे 1999



मागच्या अंकात आपण वनप्लॉटच्या दाव्यांबद्दल लिहिलं. या अंकात पाण्याबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा डोंगराकडच्या काही साथींनी विचारलं, “आपली संघटना जमिनीची. समुद्राकडच्या पाड्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्या, तर ते ग्रामपंचायतीने बघावं. आपण त्यात कशाला पडायचं?” प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ आहे. विहिरीतलं मीठ हा जमिनीचाच प्रश्न आहे. तो कसा, ते या पानांवर मांडतो. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.

डहाणूची समुद्रपट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. पश्चिमेला दर्या, मग वाळूची पट्टी, मागे चिकूच्या वाड्या आणि वाड्यांच्या कडेकडेने आपले पाडे. वाडीत मजुरीला जायचं आणि वाडीच्या कुंपणाबाहेर राहायचं, असं चालत आलं. 1945 साली वारल्यांनी उठाव करून वेठ मोडली. पुढे कुळकायदा आला. काहींना जमीन मिळाली, पुष्कळांना घराखालची जागासुद्धा मिळाली नाही. म्हणून आजही किती तरी पाड्यांची पिण्याची विहीर पाड्याच्या नावावर नाही. ती मालकाच्या सर्व्हे नंबरात आहे, नाहीतर सरकारी पडीकात, नाहीतर जंगलखात्याच्या हद्दीत. भरू देतात तोवर भरायचं.

फेब्रुवारी लागला की पाणी मचूळ लागायला लागतं. मे महिन्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. सरकारी माणूस येतो, चूळ भरतो, थुंकतो आणि म्हणतो, “समुद्र जवळ आहे, खारं होणारच.” आपली डोकरी माणसंसुद्धा आता तसंच बोलायला लागली. पण समुद्र काय काल आला? तो पहिल्यापासून तिथेच आहे. याच डोकऱ्यांनी याच विहिरींचं पाणी पिऊन म्हातारपण गाठलं. मग बदललं काय?

पाणी खाली कसं बसलेलं असतं

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण न समजणाऱ्याला अधिकारी दोन मिनिटांत गप्प करतो.

पावसाचं पाणी वाळूत मुरतं. समुद्राचं पाणीही जमिनीखालून आत शिरलेलं असतंच. पण गोडं पाणी हलकं आणि खारं जड. 40 लिटर समुद्राचं पाणी आणि 41 लिटर गोडं पाणी, दोघांचं वजन सारखं भरतं. म्हणून गोडं पाणी खाऱ्याच्या वर तरंगत राहतं, पेजेवर निवळ येते तसं. आपली विहीर म्हणजे त्या निवळीत बुडवलेली वाटी.

यातून एक हिशेब निघतो. हॉलंड आणि जर्मनीतल्या दोन माणसांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तो मांडला. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक हात असेल, तर खाली ते चाळीस हात खोल असतं. मधे खडक लागला तर तिथपर्यंत. आता उलटं बघा. उपसून उपसून गोड्या पाण्याची पातळी एक वीत खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस वीत वर सरकतं. मोठा पंप लावला तर त्याच्या बरोबर खाली ते सुळक्यासारखं वर चढतं. एकदा चढलं की एका पावसात खाली बसत नाही, वर्षं जातात.

आणि विहीर नासायला फार मीठ लागत नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 250 मिलिग्रॅम क्लोराइड असावं, दुसरं पाणीच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यावं, असं सरकारी मानक आहे. समुद्राच्या पाण्यात ते 19,000 च्या आसपास असतं. म्हणजे पंचाहत्तर हंड्यांत एक हंडा समुद्राचा मिसळला की चांगल्या पाण्याची हद्द संपली. वीस हंड्यांत एक मिसळला की चालवून घेण्याचीही संपली.

हिशेब मांडून बघू

पाणी कमी आहे म्हणून भांडण आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा.

समजा पाड्यात 60 घरं, 300 माणसं. 1999 साली सरकारचं ग्रामीण भागाचं माप माणशी रोज 40 लिटर होतं. (शहरात किती देतात ते विचारू नका.) म्हणजे पाड्याला रोज 12,000 लिटर, वर्षाला साधारण 44 लाख लिटर.

आता पाऊस. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. एका एकरावर तेवढा पाऊस म्हणजे 80 लाख लिटर पाणी. बहुतेक समुद्रात वाहून जातं. फक्त दहावा हिस्सा मुरला असं धरलं तरी एकरी 8 लाख लिटर. वाळूत याहून जास्तच मुरतं. मुरलेलं सगळं उपसायचं नसतं. काही पाणी जमिनीखालून समुद्राकडे जात राहिलं, तरच खारं मागे रेटलेलं राहतं. म्हणून निम्मंच घ्यायचं ठरवलं तरी अकरा एकरांवरचा पाऊस 300 माणसांना वर्षभर पुरतो. पाड्याभोवती अकरा एकर जमीन नाही असं कोण म्हणेल? जमीन आहे, तिच्यावर नाव आपलं नाही एवढंच.

दुसरी बाजू बघा. पाच हॉर्सपॉवरचा पंप उथळ विहिरीतून तासाला तीस हजार लिटर सहज उपसतो. म्हणजे पाड्याचं दिवसभराचं पाणी पंचवीस मिनिटांत. सहा तास चालला तर पाड्याचं पंधरा दिवसांचं पाणी. बाई हाताने उपसते तेव्हा ती थकते, तेवढ्यात विहीर पुन्हा भरते. मोटर थकत नाही. वीज आहे तोवर ओढत राहते.

वाडीमालकाला हे लवकर कळतही नाही, कारण चिकूचं झाड थोडं खारं सहन करतं. माणसाचं पोट करत नाही. म्हणून मीठ आलं हे आधी पाड्याच्या बाईला कळतं आणि मालकाला काही वर्षांनी. ती सांगते तेव्हा तिचं कोणी लिहून घेत नाही.

खाली वसईकडे काय झालं ते लक्षात ठेवा. तिथे जुन्या लोकांनी वाड्यांमधे बावखलं राखली होती. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आणि विहिरीवर रहाट फिरायचा. मग मोटारी आल्या, मागून टँकरवाले आले. नव्या इमारतींसाठी गावच्या विहिरींचं पाणी टँकरने जायला लागलं आणि विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या. शेवटी लोकांना हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरावं लागलं. रेल्वे उत्तरेकडे येते तशी बांधकामंही येतात. ती इथे पोचेपर्यंत आपण वाट बघायची का?

कायदा कुठे उभा आहे

1966 च्या जमीन महसूल कायद्याचं कलम 20 सांगतं की नद्या, नाले, तलाव, वाहतं आणि साठलेलं पाणी सरकारचं, जिथे दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध नाही तिथे. इंग्रजांनी 1882 साली सुविधाधिकाराचा कायदा केला, तो सांगतो की जमिनीखाली झिरपणारं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे वरचं पाणी सरकारचं, खालचं मालकाचं. मधे बाईच्या डोक्यावरचा हंडा तेवढा आपला.

कोणी म्हणेल, आमची वीस वर्षांची वहिवाट आहे. हो, उघडपणे, विनातक्रार, हक्काने वीस वर्षं वापर असेल तर तोच कायदा वहिवाटीचा हक्क मानतो. विहिरीवर जायची वाट त्यात येऊ शकते. पण याच कायद्याचं कलम 17 सांगतं की जमिनीखाली झिरपणाऱ्या पाण्यावर असा वहिवाटीचा हक्क लागत नाही. म्हणजे विहिरीपर्यंत जायचा हक्क तुम्ही मिळवाल, आणि शेजारच्या नंबरात मोठा पंप बसला की त्याच विहिरीच्या तळाशी उभं राहाल. म्हणूनच विहिरीतलं मीठ सातबाऱ्यावरून येतं असं म्हणतो. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर एकच आहे, त्याला सर्व्हे नंबर कळत नाहीत. कायद्याने मात्र त्याचे तुकडे केले, आणि ज्याच्या नावावर तुकडा नाही त्याला काहीच ठेवलं नाही.

तरी आपल्या हातात काही गोष्टी आहेत. दोन पाचशे मीटर लक्षात ठेवा.

पहिलं पाचशे मीटर समुद्राकडून. केंद्र सरकारची फेब्रुवारी 1991 ची किनारपट्टीची अधिसूचना होती. तिच्यात भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी होती, नंतर दुरुस्ती करून पिण्यासाठी हाताने उपसायला काही सूट दिली. 200 ते 500 मीटरमध्ये साध्या विहिरीतून, हाताने उपसायचं, असं तिच्यात लिहिलं होतं. पिण्यासाठी, शेतीसाठी, बागेसाठी, काहीही असो, हाताने. त्या पट्ट्यात आज किती मोटारी चालतात ते प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी मोजावं. किनाऱ्याची वाळू खणायलाही त्याच अधिसूचनेत बंदी होती. वाळूची टेकाडं हीच आपली पाण्याची कोठी. ट्रकने टेकाड गेलं की कोठी गेली.

दुसरं पाचशे मीटर विहिरीकडून. राज्याचा 1993 चा पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा सांगत होता की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून, त्याच पाणलोटात, 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. टंचाईचा भाग जाहीर झाला तर एक किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या विहिरींच्या उपशावरही बंधन घालता यायचं. त्या कायद्यात परवानगी देणारे आणि टंचाई जाहीर करणारे होते कलेक्टर, नाहीतर त्यांनी नेमलेला अधिकारी. सल्ला देणारे भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक.

इथेच मेख होती. तो कायदा वाचवायचा ती सार्वजनिक विहीर, म्हणजे जिच्यातून सरकार किंवा पंचायत लोकांना पाणी देते. पाड्याने आपल्या हाताने खणलेली, कुठल्याच कागदावर नसलेली विहीर त्यात धरली जात नव्हती. पन्नास वर्षं पाडा तिचं पाणी पितो, पण त्या कायद्याच्या लेखी ती विहीरच नव्हती. शेजारी उद्या बोअर मारला तर आपण कशाचे पाचशे मीटर मोजणार?

म्हणून या पावसाआधीचं पहिलं काम हे, की प्रत्येक पाड्याची पिण्याची विहीर कागदावर आली पाहिजे. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पंचायत विस्तार कायद्याने गावाची साधनं सांभाळायचं काम ग्रामसभेचं मानलं, आणि 1997 साली राज्यानेही आपल्या कायद्यात बदल केले. ग्रामसभेने ठराव करायचा. ही विहीर आमची सार्वजनिक पिण्याची विहीर आहे, पंचायतीने तिची नोंद घ्यावी, तिच्यात टीसीएल टाकावी, कठडा बांधावा. विहीर खाजगी नंबरात असेल तर महसूल कायद्याच्या कलम 165 खाली वाजिब-उल-अर्ज मध्ये पाड्याची वहिवाट नोंदवावी असा अर्ज तहसीलदारामार्फत कलेक्टरला करायचा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

आता आपलंच बोलू

वाडीमालकाला बोललो, सरकारला बोललो. आता कडू घास.

समुद्रपट्टीत आपल्यापैकी काहींना लढून जमीन मिळाली. मोर्चे काढले, कोर्टात उभे राहिलो, काही साथी तुरुंगात जाऊन आले. त्याच जमिनीत आता काही ठिकाणी बोअर दिसतात. स्टँपपेपरवर सही, महिन्याला थोडे पैसे, आणि पाणी टँकरने किंवा पाइपने बाहेरच्या बंगल्याला. जमीन विकली नाही, फक्त पाणी दिलं, असं सांगतात.

ज्याने असं केलं त्याला दुश्मन म्हणू नका. जुलै-ऑगस्टमध्ये घरातलं धान्य संपतं तेव्हा काय होतं ते आपण सगळे जाणतो. पण दोन गोष्टी त्याला सांगितल्या पाहिजेत. एक, आदिवासीची जमीन कलेक्टरच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीकडे विक्रीने, गहाणाने किंवा भाडेपट्ट्याने जाऊ शकत नाही, असं महसूल कायद्याचं कलम 36 अ सांगतं. दोन गुंठे बोअरसाठी भाड्याने दिले तर तोही पट्टाच. कागद कच्चा आहे, आणि उद्या भांडण झालं तर त्याच कच्च्या कागदात तो आदिवासीच अडकेल. दुसरी, तो विकतो ते पाणी त्याच्या एकट्याच्या नंबरातलं नाही. ते शेजारणीच्या विहिरीतून येतं.

जमिनीखालचं पाणी मालकाचं, हा इंग्रजांचा नियम आपण वाडीमालकाच्या बाबतीत चुकीचा म्हणतो. मग आपल्या नावावर सातबारा झाला की तोच नियम बरोबर कसा होईल?

म्हणून येत्या सभेत असा ठराव मांडणार आहोत की संघटनेच्या लढ्यातून मिळालेल्या जमिनीतलं पाणी पाड्याबाहेर विकायचं नाही. आधी माणसाचं पिणं, मग गुरं, मग भाजीपाला, मग बाकीचं. ज्याची स्वतःची छोटी मोटर आहे त्याने ती किती तास चालवायची ते पाडा ठरवेल, त्यातही पाणी भरणाऱ्या बायांचं मत आधी. ज्याचा विरोध असेल त्याने सभेत उभं राहून बोलावं. मागाहून कुजबुज नको.

वाडीत मजुरीला जाणाऱ्या साथींची वेगळी धास्ती आहे. “वाडीचा पंप बंद झाला तर आमचा रोज जाईल.” ही धास्ती खोटी नाही. आपण वाडी सुकवा म्हणत नाही, उपशाला हद्द घाला म्हणतो. मीठ असंच चढत राहिलं तर चिकूचीही सहन करायची ताकद संपेल, तेव्हा पाडा आणि वाडी दोन्ही जातील. मालकाकडे तोवर दुसरा धंदा असेल. आपल्याकडे नसेल.

पाड्याने काय करायचं

1. एक दोरी घ्या, वितीवितीवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा. दर अष्टमीला, म्हणजे भांगाच्या दिवशी, पहाटे कोणी कळशी बुडवायच्या आधी पाणी किती गाठींवर आहे ते मोजा. उधाणाला मोजू नका, समुद्राजवळच्या विहिरीची पातळी भरतीबरोबर हलते. शाळेत जाणाऱ्या एका मुलीकडे वही द्या. तारीख, गाठी, पाणी गोडं की मचूळ.

2. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, पाण्याची बाटली भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत क्षार तपासायला पाठवा. रिपोर्ट लेखी मागा. घरी बघायचं तर एक लिटर पाणी स्वच्छ पातेल्यात पूर्ण आटवा. समुद्राचं पाणी आटवलं तर सहा चमचे मीठ राहतं. विहिरीच्या पाण्यामागे पाव-अर्धा चमचा पांढरं राहायला लागलं तर समजा हद्द जवळ आली.

3. विहीर खाली गेली म्हणून आणखी खोल खणू नका. ग्रामसेवक बोअर मंजूर करून देतो म्हणाला तरी आधी भूजलवाल्यांना विचारा. किनाऱ्याजवळ खोल जाणं म्हणजे खाऱ्याला भेटायला जाणं. एक खोल विहीर करण्यापेक्षा लांब लांब तीन उथळ विहिरी बऱ्या, आणि तिन्हींतून थोडं थोडं उपसावं.

4. परतीचा पाऊस संपला की नाल्याला बांध घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून केलेला बांधही चालतो. नाल्यातलं पाणी चार-सहा आठवडे जास्त थांबलं तरी विहिरीला कळतं. गोण्यांत भरायला किनाऱ्यावरची वाळू आणू नका.

5. टेकाडांवरचा केवडा आणि सरू तोडू नका. वाळूचा ट्रक दिसला तर नंबर, तारीख, वेळ लिहा आणि तलाठ्याला लेखी द्या.

6. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आतल्या मोटारींची यादी करा. यादीत आपली मोटर असली तर तीही लिहा. दुसऱ्याचीच लिहिली तर कलेक्टर ती यादी बाजूला ठेवील, आणि बरोबर करील.

7. सभेला येताना तीन कागद आणा. विहीर ज्या जमिनीत आहे तिचा सातबारा, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, आणि दोरीची वही. वही अजून रिकामी असली तरी आणा.

डोंगराकडच्या साथींना शेवटचं सांगणं. तुमची विहीर खारी होणार नाही, पण आटेल. खाली धरणाचं पाणी शहराला जातं आणि वर तुमच्या पाड्यावर मार्चमध्ये झऱ्यावर रांग लागते. आमच्याकडे मीठ येतं, तुमच्याकडे चिखल येतो. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला खालच्या पाण्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. म्हणून समुद्रपट्टीच्या या ठरावाला तुम्हीही हात वर करायला या.

पुढच्या अंकात पाड्यांच्या वह्यांतले आकडे छापू. ज्या पाड्याची वही येणार नाही त्या पाड्याचं नावही छापू.

जिंदाबाद!